सुमीहून पोल्टावाकडे

2 मार्च 2022 च्या दुपारी युक्रेनमधल्या खारकीव शहरात अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर दूतावासाची सूचना आली. शहर ताबडतोब सोडा. पिसोचिन, बाबाये, बेझ्ल्युदिव्का यांपैकी कुठल्याही वस्तीत पोहोचा, आणि काहीही झाले तरी संध्याकाळी सहाच्या आत पोहोचा. मागोमाग दुसरी सूचना: गाडी मिळत नसेल, रेल्वे स्टेशनवर अडकला असाल, तर चालत निघा. पुढे अंतरे दिली होती. पिसोचिन 11 किलोमीटर, बाबाये 12, बेझ्ल्युदिव्का 16. आदल्याच दिवशी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला, वैद्यकीय शिक्षण घेणारा एक मुलगा याच शहरात मारला गेला होता.

सहाच्या आतच का, या प्रश्नातून एक कथा जन्माला आली. पंतप्रधान मोदींच्या एका फोनवर भारतीय मुलांसाठी रशियाने काही तास युद्ध थांबवले, अशी ती कथा. 3 मार्चला परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते अरिंदम बागची यांनी पत्रकारांना सांगितले, की कुणीतरी बॉम्बफेक रोखून धरली आहे असा अर्थ यातून काढणे साफ चुकीचे आहे. रशियाकडून माहिती आली होती, एवढेच खरे: कोणत्या बाजूने बाहेर पडता येईल आणि किती वाजेपर्यंत. पण कथेला प्रवक्त्याची परवानगी लागत नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत ती जाहिरातीत गेली आणि पाठोपाठ विनोदातही.

भक्तांनी ती जपली, टवाळांनी उडवली, आणि या गदारोळात खरी घटना झाकली गेली. भारतीय मुलांसाठी तोफा थांबल्या, पण खारकीवला नव्हे, सुमीला. आणि एका फोनवर नव्हे, तर तीन-चार दिवसांच्या ओढाताणीनंतर. त्या ओढाताणीत या युद्धातल्या साऱ्या युद्धविरामांचे मर्म आहे, म्हणून ती तपशिलात पाहण्याजोगी आहे.

आधी ही मुले तिथे गेली कशी, ते थोडक्यात. युद्ध सुरू झाले तेव्हा युक्रेनमध्ये वीस हजारांच्या आसपास भारतीय होते आणि त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी. नीटमध्ये गुण थोडे कमी पडले, सरकारी कॉलेज हुकले, खासगी कॉलेजचे शुल्क ऐकून वडिलांनी मान खाली घातली, की पुढचा पर्याय टर्नोपिल, विनित्सिया, खारकीव किंवा सुमी. सहा वर्षांचा सारा खर्च मिळून इथल्या खासगी कॉलेजच्या मानाने निम्म्याहूनही कमी. लातूर-नांदेडपासून पनवेल-वाशीपर्यंत मध्यमवर्गीय घरांत हे गणित पाठ होते. दूतावासाने 15 फेब्रुवारीला पहिल्यांदा सुचवले, की राहणे अत्यावश्यक नसेल तर तूर्त देश सोडा. मुलांची अडचण वेगळीच होती. हजेरी बुडाली तर वर्ष जाईल, ऑनलाइन वर्गांचे विद्यापीठ काही ठरवीना. शेवटी 22 फेब्रुवारीला दूतावासाला सांगावे लागले, की विद्यापीठाच्या निर्णयाची वाट बघत बसू नका, निघा. दोनच दिवसांनी, 24 तारखेला आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत होते तेव्हा तिथे पहाटेच्या अंधारात क्षेपणास्त्रे पडू लागली. मुलांना आणायला कीवकडे निघालेले एअर इंडियाचे विमान युक्रेनचे आकाश बंद झाल्यामुळे वाटेतून परत फिरले.

पश्चिमेकडच्या शहरांतली मुले त्या मानाने सुदैवी ठरली. बर्फात रांगा लावून, सीमेवर धक्के खात का होईना, ती रोमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोव्हाकियात पोहोचली. 26 फेब्रुवारीच्या संध्याकाळी बुखारेस्टहून 219 जणांना घेऊन पहिले विमान उतरले ते मुंबईत. ‘ऑपरेशन गंगा’ची ती सुरुवात. पुढच्या दोन आठवड्यांत एकूण 90 विमानफेऱ्या झाल्या, त्यांतल्या 14 हवाई दलाच्या. चार केंद्रीय मंत्री सीमेलगतच्या देशांत जाऊन बसले. हा भाग दूरदर्शनवर भरपूर दिसला, त्यावर अधिक लिहीत नाही.

कॅमेरे जिथे पोहोचले नाहीत ते सुमी. ईशान्येकडचे हे शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. पश्चिमेची सीमा मात्र जवळजवळ हजार किलोमीटर दूर. शहर वेढले गेले होते, रेल्वे बंद, पूल उडवलेले. सुमी स्टेट युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहांत सुमारे सातशे भारतीय मुले-मुली होती. 3 मार्चला वीज गेली, पाठोपाठ पाणी. मुलांनी बादल्यांतून बर्फ गोळा केला, तो वितळवून प्यायला आणि त्याचेही व्हिडिओ पाठवले. 5 मार्चचा एक व्हिडिओ तर साऱ्या देशाने पाहिला. हा आमचा शेवटचा व्हिडिओ, आम्ही आता चालत रशियाच्या सीमेकडे निघतो आहोत, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी सरकारची, असे मुले सांगत होती. सरकारने तातडीने निरोप धाडला: निघू नका, तळघरातच थांबा.

मुलांचा हिशेब नकाशापुरता बरोबर होता. पन्नास किलोमीटर जवळ की हजार? शिवाय 4 मार्चला रशियाने संयुक्त राष्ट्रांत सांगितले होते, की भारतीय व इतर परदेशी विद्यार्थ्यांसाठी आमच्या 130 बस सीमेवर बेलगोरोद भागात उभ्या आहेत. बस सज्ज, सीमा जवळ. मग अडले कुठे?

अडले ते दिशेवर. आक्रमण करणाऱ्याच्या देशात नेणारा रस्ता युक्रेन मान्य करीना. रशियाच्या बसमध्ये चढणारी मुले रशियाच्या दूरदर्शनवर सुटकेचे चित्र म्हणून दिसली असती आणि ते चित्र कीवला नको होते. रशियाला नेमके तेच हवे होते. दोन्ही बाजू मुलांना सोडायला तयार होत्या, प्रत्येकीला फक्त आपल्या दाराने सोडायचे होते. शिवाय त्या पन्नास किलोमीटरांत प्रत्यक्ष लढाई चालू होती. युद्धविरामाच्या बातम्यांत आपण तास मोजतो, सहा तास, बारा तास. वाटाघाटीतले खरे भांडण रस्ता कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो याचे असते.

नागरिकांसाठी सुरक्षित मार्ग खुले करायचे हे दोन्ही देशांनी 3 मार्चला बेलारूसमधल्या बोलण्यांत मान्य केले होते. 5 मार्चला मारिउपोल आणि वोल्नोवाखा या दोन ठिकाणी पहिला प्रयोग झाला आणि काही तासांत फसला. गोळीबार थांबलाच नाही, तो कुणी केला यावर दोन्हीकडून दोन पत्रके निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 7 मार्चला रशियाने नव्याने मार्ग जाहीर केले, पण त्यांतले बरेचसे रशियात किंवा बेलारूसमध्ये उतरणारे. युक्रेनने ते अनैतिक ठरवून फेटाळले. त्याच दिवशी सुमीत भारतीय मुले सामान बांधून बसच्या तयारीत उभी राहिली आणि रस्ता सुरक्षित नाही म्हणून वसतिगृहात परतली. त्या रात्री सुमीच्या निवासी भागावर हवाई हल्ला झाला, वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुलेही.

7 मार्चलाच पंतप्रधान मोदींनी झेलेन्स्की आणि पुतिन या दोघांशी फोनवर बोलून सुमीतल्या मुलांचा विषय काढला होता. त्या फोनांचा उपयोग झाला, असे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी नंतर सांगितले, आणि ते नाकारायचे कारण नाही. पण 8 मार्चच्या सकाळी जो मार्ग खुला झाला तो निव्वळ भारतासाठी नव्हता, हेही तितकेच खरे. युक्रेनच्या उपपंतप्रधान इरिना वेरेश्चुक यांनी जाहीर केले, की सकाळी नऊ ते रात्री नऊ सुमीहून पोल्टावापर्यंतचा रस्ता खुला राहील. पोल्टावा म्हणजे दक्षिणेकडे, युक्रेनच्याच ताब्यातल्या भूमीत, सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. रशियाने ही दिशा मान्य केली आणि सारी गाठ सुटली. रेड क्रॉसच्या साथीने बसचा ताफा निघाला. त्यात 694 भारतीय विद्यार्थी होते, नेपाळ-बांगलादेशातली मुले होती, सुमीची स्वतःची म्हातारी माणसे आणि आया-पोरे होती. पोल्टावाहून रेल्वेने ल्वीव, तिथून पोलंड, आणि 11 मार्चला दिल्ली.

एवढ्या दीर्घ युद्धात बारा तास, एक रस्ता. आजवर ज्यांना यश म्हणता येईल असे बहुतेक युद्धविराम याच मापाचे आहेत.

याच दिवसांत दक्षिणेला मिकोलायिव बंदरात 75 भारतीय खलाशी अडकले होते. ही बातमी महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या बातम्यांखाली दबली. नवी मुंबईत मात्र ती वेगळ्या काळजाने वाचली गेली असणार. नेरुळच्या करावे भागात खाडीकाठी टी. एस. चाणक्य ही व्यापारी जहाजांचे अधिकारी घडवणारी जुनी संस्था आहे, बेलापूरला जहाजांवर माणसे पाठवणाऱ्या कंपन्यांची कार्यालये आहेत, आणि सीवूड्सपासून उरणपर्यंत ‘मुलगा शिपवर असतो’ हे वाक्य सहज कानावर पडते. विद्यार्थी निदान चालत निघू शकत होता, खलाश्याला जहाज टाकून कुठे जाता येते? बंदर 24 फेब्रुवारीलाच बंद झाले होते आणि समुद्रात सुरुंगांचे भय. 2 मार्चला मिकोलायिवजवळच्याच ओल्व्हिया बंदरात ‘बांगलार समृद्धी’ या बांगलादेशी जहाजावर क्षेपणास्त्र आदळले आणि एक तरुण इंजिनिअर जागीच गेला. जहाज कुणाचे शत्रू नव्हते, ते फक्त तिथे होते. दूतावासाच्या बसनी 8 मार्चला 75 पैकी 52 खलाश्यांना बाहेर काढले. उरलेल्यांची सोय मागाहून झाली.

एक साधा रस्ता खुला करायला इतका अविश्वास का, याचे उत्तर आठ वर्षे मागे आहे. ऑगस्ट 2014 मध्ये पूर्व युक्रेनमधल्या इलोवायस्क गावात युक्रेनी सैन्य वेढले गेले. वेढ्यातल्यांना बाहेर पडू द्यावे, असे आवाहन खुद्द पुतिन यांनी केले. 29 ऑगस्टला तुकड्या ठरलेल्या वाटेने निघाल्या आणि त्या वाटेवरच त्यांच्यावर मारा झाला. इलोवायस्कच्या लढाईत युक्रेनचे 366 सैनिक गेले. पुढे 5 सप्टेंबरला मिन्स्कचा पहिला करार झाला, तो टिकला नाही. 12 फेब्रुवारी 2015 ला दुसरा झाला, 15 तारखेपासून तोफा थांबायच्या होत्या, आणि 18 ला देबाल्त्सेवे पडले. करारावरची शाई आणि रणांगण यांची तारीख कधी जुळलीच नाही. नंतर सात वर्षे युरोपीय सुरक्षा संघटनेचे निःशस्त्र निरीक्षक दुर्बिणी घेऊन उल्लंघने मोजत राहिले. मोजणे हे त्यांचे काम, थांबवणे त्यांच्या हाती नव्हते.

वेढ्यातल्या फौजेशी झालेला करार आणि त्याचे पुढे होणारे हाल, ही गोष्ट पनवेलकरांना परकी नाही. नोव्हेंबर 1778 मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावाला पेशवाईवर बसवायला निघाली ती पनवेलला उतरली आणि बोरघाट चढून गेली. मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड करून ठेवला होता. तळेगावपर्यंत जाऊन फौज माघारी वळली आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली. तह झाला: 1773 पासून घेतलेला मुलूख, साष्टीसह, परत. दोन ओलीस ठेवून फौजेला वाट मिळाली. ती मुंबईत सुखरूप पोहोचल्यावर मुंबईच्या कौन्सिलने आणि कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जने तो तह मानायचे नाकारले. युद्ध आणखी तीन वर्षे चालले, आणि 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. इलोवायस्कला वाट देणाऱ्याने दगा दिला, वडगावला वाट घेणाऱ्याने. झेलेन्स्की आज केवळ सहीवर समाधान मानत नाहीत, सहीमागे हमी कुणाची ते आधी विचारतात. याला हट्ट म्हणणाऱ्यांनी वडगाव एकदा आठवावे.

2022 मध्येच आणखी एक रस्ता ठरला, तो समुद्रातला. त्याआधीची झळ आणि नंतरचा दिलासा वाशीच्या बाजारात दोन्ही उमटले. युद्धाआधी भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा सर्वांत मोठा हिस्सा, सुमारे दहातले सात भाग, युक्रेनचा असे आणि उरलेल्यात रशिया मुख्य. न्हावा-शेव्याच्या द्रव मालाच्या धक्क्यावर उतरणाऱ्या खाद्यतेलाची साखळी थेट ओडेसापर्यंत जात होती. मार्चमध्ये ती तुटली. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली आणि डब्याचा भाव विचारून ग्राहक अर्धा डबा घेऊ लागला. 22 जुलैला इस्तंबूलमध्ये धान्याचा करार झाला. त्याची रचना मोठी मासलेवाईक. रशिया आणि युक्रेन यांनी एकाच कागदावर सही केलीच नाही. दोघांनी वेगवेगळ्या, पण एकसारख्या मजकुराच्या कागदांवर तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर सह्या केल्या. एकमेकांशी करार नाही, तिसऱ्याशी आहे! दुसऱ्याच दिवशी ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रे पडली. तरीही 1 ऑगस्टला ‘रझोनी’ हे मक्याचे जहाज बाहेर पडले आणि पुढच्या वर्षभरात सुमारे 3 कोटी 30 लाख टन माल या वाटेने गेला. दोघांनाही निर्यातीचे पैसे हवे होते, जहाजांची तपासणी इस्तंबूलच्या सामायिक केंद्रात होत होती, आणि भांडायचे झाले तर भांडायला एक टेबल होते. 17 जुलै 2023 ला रशियाने अंग काढून घेतले. युक्रेनने मग रोमानिया-बल्गेरियाच्या किनाऱ्याला चिकटून स्वतःचीच वाट पाडली आणि ती शस्त्रांच्या जोरावर खुली ठेवली. भारताने या दरम्यान तेलाचा पुरवठादार बदलला. सूर्यफूल तेलात रशिया पहिल्या क्रमांकावर आला. वाशीत डबा पुन्हा मिळू लागला, लेबलावर कुणाचे शेत आहे हे कुणी वाचत नाही.

मोठ्या, साऱ्या आघाडीवरच्या युद्धविरामांची कथा मात्र लवकर संपते. जानेवारी 2023 मध्ये ऑर्थोडॉक्स नाताळासाठी पुतिन यांनी 36 तास जाहीर केले, युक्रेनने मानले नाहीत, तोफा चालू राहिल्या. मार्च 2025 मध्ये अमेरिकेने 30 दिवसांचा प्रस्ताव मांडला. जेद्दाहमध्ये युक्रेनने तो स्वीकारला, रशियाने फक्त ऊर्जा सुविधांपुरता होकार दिला, आणि त्याचेही उल्लंघन झाल्याचे आरोप पहिल्याच आठवड्यात सुरू झाले. 13 एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी, सुमीवर दोन क्षेपणास्त्रे पडली. तीसहून अधिक माणसे गेली. एक क्षेपणास्त्र सुमी स्टेट युनिव्हर्सिटीच्या सभागृहाच्या इमारतीवर आदळले होते. तीन वर्षांपूर्वी आपली मुले ज्या विद्यापीठात होती, तेच हे. त्यानंतर आठवडाभरात पुतिन यांनी ईस्टरनिमित्त 30 तासांचा विराम जाहीर केला. सोमवारी दोन्ही बाजूंनी उल्लंघनांचे आकडे दिले, दोन्ही हजारांत. मे महिन्यात विजयदिनाचे तीन दिवस तसेच गेले. ऑगस्टमध्ये ट्रम्प आणि पुतिन अलास्कात भेटले, युद्धविराम झाला नाही.

यामागे आघाडीचे बदललेले रूपही आहे. हजार किलोमीटरहून लांब रेषा, आणि तिच्या दोन्ही अंगांना दहा-पंधरा किलोमीटरांचा असा पट्टा जिथे दिसलेली प्रत्येक हालचाल ड्रोनच्या टप्प्यात येते. पोक्रोव्स्कसारख्या शहराभोवती लढाई वर्षाहून अधिक काळ रेंगाळली, कधी एका चाळीसाठी, कधी झाडांच्या एका रांगेसाठी. 2015 मध्ये तोफा अमुक किलोमीटर मागे घ्या असे म्हणता यायचे आणि त्या मोजता यायच्या. झोळीत मावणारा ड्रोन मागे घेतला की नाही, हे कोण तपासणार? म्हणून जिथे तपासायला एकच गोष्ट असते तिथेच काही जुळते. 2025 च्या मे महिन्यात इस्तंबूलला बोलणी झाली, तीत युद्ध थांबवण्यावर एकमत झाले नाही, कैद्यांच्या अदलाबदलीवर झाले: प्रत्येकी एक हजार. ती पारही पडली, कारण माणसे मोजता येतात.

सुटून आलेल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न इथल्या पालकांना जास्त जवळचा. भारतातल्या कॉलेजांत सामावून घ्यायला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नकार दिला. सप्टेंबर 2022 मध्ये दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत उरलेला अभ्यास करायची मुभा मिळाली. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तोडगा निघाला, की शेवटच्या टप्प्यातल्या मुलांना इथली अंतिम एमबीबीएस परीक्षा द्यायची खास संधी मिळावी. काही जॉर्जियाला गेली, काही उझबेकिस्तानला. काहींनी बॅग भरून थेट युक्रेनच गाठले, युद्ध चालू असताना. पदवी अर्धी सोडणे त्यांना जास्त महागात पडले असते.

सुमीसारखाच छोटा विराम पुढे पुन्हा दिसला. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राचा बाहेरून येणारा वीजपुरवठा तुटला. हे युरोपातले सर्वांत मोठे अणुवीज केंद्र 2022 पासून रशियाच्या ताब्यात आहे, आघाडीच्या रेषेवरच आहे आणि त्यातले इंधन थंड ठेवायला वीज लागते. जवळजवळ महिनाभर ते डिझेल जनरेटरवर चालले. तुटलेल्या तारा दुरुस्त करायच्या तर माणसांना उघड्या मैदानात, दोन्ही सैन्यांच्या नजरेसमोर खांबावर चढावे लागणार होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी यांनी मॉस्को आणि कीव या दोघांशी बोलून दुरुस्तीच्या जागेपुरते छोटे युद्धविराम ठरवले. आधी एका तारेसाठीचा पट्टा, मग दुसऱ्या तारेसाठीचा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वीज परत आली. त्या दिवसांत पोक्रोव्स्कची लढाई मात्र चालूच होती.